पाऊण सेकंदाची रेघ

"थांबव! थांबव म्हणतो ना बे गाडी!"

माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवरून तू ओरडत होतास, वसंता. पन्नास वर्षांच्या दोस्तीत तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला म्हटलं तरी चालेल. कारण त्याआधी तुझ्या तोंडून जे निघायचं त्याला आवाज म्हणायचं, तर माझ्या भोंग्याला काय म्हणायचं? त्या ओरडण्यानं अरुणावतीच्या काठचे बगळे उडाले ते थेट पुसदला जाऊन उतरले. यवतमाळहून येणारी एसटी जागच्या जागी उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागला, कोणाला लागलं का म्हणून.

तुला लागलं होतं. समोर नाक्यावर, दोन खांबांच्या मध्ये, तुझंच तोंड लटकत होतं. बॅनर एवढं मोठं की त्याच्या सावलीत चार बैलजोड्या सुटून बसल्या होत्या. फोटोत तुझ्या डोक्यामागून रॉकेट निघालं होतं, कानापाशी शनीचं कडं होतं, आणि खाली लाल अक्षरांत: 'गामा किरणांचे जनक, आर्णीभूषण, प्रा. वसंतराव गुल्हाने सर यांचा भव्य नागरी सत्कार.' त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत, निमंत्रक म्हणून माझं नाव.

"हे कोणं केलं?"

"गावानं केलं."

"गाव म्हणजे कोण?"

"आता गाव म्हणजे... मीच."

तू उतरलास. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या सलीमभाईकडून ब्लेड मागितलंस. आणि साठीला टेकलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक भर दुपारी, इस्त्रीच्या शर्टात, खांबावर चढला. सलीमभाई खालून पाहत मला म्हणाला, "सर काटून कायले राह्यले? फोटो तं अच्छा आला."

इथं तू बोट वर केलं असतंस. माहीत आहे मला. बैलजोड्या चार नव्हत्या. बरं, एक होती. सावलीत नव्हती, बाजूला होती.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि बोलता बोलता मी अजून समोरच्या माणसाच्या बोटाकडे पाहतो. मी आर्णीचा माईकवाला. लग्न, प्रचार, उरूस, कबड्डी, हरवलेली म्हैस, सारं गावाला माझ्या भोंग्यातून कळतं. एकाचे सात करून सांगायची माझी सवय, आणि शाळेच्या बाकापासून माझ्या शेजारी बसून उजव्या हाताचं बोट उचलायची तुझी. एक बोट म्हणजे निम्मं कर. दोन बोटं म्हणजे निम्म्याचं निम्मं. मूठ दाखवलीस की समजायचं, हे घडलंच नाही, मुकाट्यानं विषय बदल. साऱ्या आर्णीला ही रीत पाठ होती. माझी गोष्ट ऐकताना लोक माझ्या तोंडाकडे पाहायचेच नाहीत, तुझ्या हाताकडे पाहायचे.

तू आकाशाचा नाद घेतलास हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता गच्चीवर तोफेएवढी दुर्बीण येईल आणि मला तिच्यातून चंद्रावरचे खड्डे मोजायला मिळतील. दुर्बीण काही आली नाही. आला एक कॉम्प्युटर. बाकीची दुनिया आकाश रात्री पाहते. तू दुपारी, कुंदावहिनींच्या हातचं भरीत-भाकर हाणून, बनियनवर, कूलर लावून, पडदे ओढून आकाश पाहायला बसायचास.

"हे कसलं आकाश बे?" मी म्हणालो. "खिडकी तरी उघड."

"खिडकीतून काही दिसत नाही. गामा किरण खाली येतच नाहीत. हवा त्यायले वरच्या वर गिळते. म्हणून तं उपग्रह वर ठेवा लागते. अन् तिथं रात्र काय अन् दुपार काय."

मग तू मला सांगू लागलास की हे किरण असे दांडगे की आरशाला जुमानत नाहीत, भिंगाला जुमानत नाहीत, आरपार जातात. म्हणून उपग्रहाच्या अंगावर वेगवेगळ्या बाजूंना तोंड करून स्फटिकांचे तुकडे बसवतात. किरण स्फटिकावर आपटला की आत इवलीशी चमक होते. ती मोजायची. झालं. मोजत राहायचं. माझं डोकं तोवर वहिनींच्या भरतात गेलं होतं. ते तुझ्या लक्षात आलं. तू खुर्ची फिरवलीस.

"भोंग्या, तू मांडवात गेला की पहिले काय करतो?"

"सेट चालू करतो."

"अन् मंग?"

"मंग चूप बसतो जरासा. नुसती घुर्र ऐकतो."

हे खरं आहे, याला बोट लागत नाही. कोणताही कसलेला माईकवाला सेट लावल्याबरोबर हॅलो हॅलो करत नाही. आधी तो सेटची स्वतःची घुर्र कानात बसवून घेतो. ती एकदा बसली की पुढं दिवसभर कितीही गोंधळ होऊ दे, नवीन खरखर आली की लगेच कळतं.

"उपग्रह हेच करते," तू म्हणालास. "तव्यावर लाह्या फुटतात तशा चमका चालूच असतात, साऱ्या बाजूनं. ती त्याची घुर्र. अचानक मूठभर लाह्या जास्त फुटल्या, अन् दोन सेकंदाच्या आत सारं पयलेसारखं चूप झालं, की घंटी वाजते. त्याले म्हणतात छोटा स्फोट."

"पण ती खरखर आपल्याच वायरीची असली तं?"

वसंता, तू माझ्याकडे असं पाहिलंस की तसं मला माझ्या बायकोनंही लग्नात पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणालास, "त्याच्यासाठी दुसरा भोंगा पाह्यजे. वेगळ्या लाईनीवरचा. दोघांतही एकाच टायमाले खरखर आली, तं ती बाहेरची. नाही तं नाही." आणि आत हाक मारून सांगितलंस, "कुंदा, भोंग्याले समजलं." नववीत दोनदा बसलेल्या माणसाला आयुष्यात मिळालेलं ते एकच प्रमाणपत्र. मी ते कोणालाही वाढवून सांगितलेलं नाही. वाढवायला जागाच नाही त्यात.

तो स्फोट कशाचा हेही तूच सांगितलंस. दोन मेलेले तारे. एकेकाचं वजन सूर्याहून जास्त, आणि आकार एवढाच की यवतमाळहून निघालं तर आर्णी यायच्या कितीतरी आधी तारा संपावा. कोट्यवधी वर्षं एकमेकांभोवती फिरत, जवळ जवळ येत, शेवटी भिडतात. भिडतात तेव्हा त्या दोन सेकंदांत जो झोत निघतो, तो आपल्याकडे तोंड करून असला तर उपग्रहाला दिसतो. जगातलं पुष्कळसं सोनंही अशाच टकरीत तयार झालं असावं. मी त्याच दिवशी गावात सांगून मोकळा झालो की कुंदावहिनींच्या गळ्यातलं डोरलं गुल्हाने सरांनी थेट ताऱ्यावरून आणलं. सराफ्यातली दोन माणसं तुझ्या घरी विचारायला आली. तू त्यांना पाऊण तास बसवून न्यूट्रॉन समजावलेस. ती पुन्हा आली नाहीत.

आणि ते जिनिंगवाल्याच्या पोरीचं लग्न? तुझ्या मोबाईलवर खबर यायची, कुठलाही उपग्रह कुठंही खडबडला की. पंगतीत तुझ्या खिशात तो वाजला. तू वांग्याच्या भाजीचा हात तसाच घेऊन माझ्या टेबलापाशी आलास. चेहरा असा की मला वाटलं, वरबापाला काही झालं.

"एक झाला. सव्वा सेकंदाचा. दोन उपग्रहांनी पाह्यला."

मी माईक उचलला. तू मूठ दाखवलीस. पण तोवर माझं तोंड सुटलं होतं. "वधू-वरांना आशीर्वाद देण्यासाठी फार दूरच्या पाहुण्यांकडून आत्ताच उजेड पोचला आहे, मंडळ त्यांचे आभारी आहे." सारा मांडव दाराकडे पाहू लागला. तू भाजीचा हात हवेत धरून उभा. रागावलास असं मला वाटलं. नंतर स्कूटरवर मागून म्हणालास, "दूरचे म्हणजे किती दूरचे, ते तरी सांगाचं ना." अब्जावधी वर्षं चालत आलेला उजेड, म्हणालास तू. मी म्हणालो, एवढा तर मीही वाढवला नसता.

हीच तर आपली मेख होती. मी खोटं रचून रचून जेवढं मोठं करायचो, त्याच्यापेक्षा तुझं खरंच मोठं निघायचं. आणि ते तू सांगायचास कसं, तर बाजारातून कोथिंबीर आणली अशा आवाजात.

मग ती रेघ आली.

तू जुन्या नोंदी चाळत होतास. एका उपग्रहानं कधीकाळी पाठवलेल्या, साऱ्या जगासाठी खुल्या असलेल्या. घंटी वाजली नाही अशा जागा तू मुद्दाम पाहायचास. कारण घंटी एका ठरावीक उंचीला वाजते, आणि तिच्या जरा खालून एखादा गरीब स्फोट मान खाली घालून निघून गेला असेल, अशी तुला शंका. दोन वर्षं पाहिलंस. एका दुपारी मला बोलावलंस. पडद्यावर ज्वारीचं शेत असावं तशा रेघाच रेघा, आणि मध्ये एक धांडा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच.

"इतकंच?"

"इतकंच. पाऊण सेकंद." तू त्या रेघेवर बोट ठेवलंस. "तीनच स्फटिकांत आहे. ज्यायचं तोंड त्या बाजूले होतं, त्या तिघांतच. बाकीच्यांत नाही."

"म्हणजे खरं."

"म्हणजे माहीत नाही. दुसरा भोंगा पाह्यजे."

दुसरा उपग्रह होता. परदेशातला, केव्हाच बंद पडलेला. त्या पाऊण सेकंदात तो कुठं होता, कुठं पाहत होता, त्याला काही दिसलं का, हे त्यांच्या जुन्या नोंदींतच होतं आणि त्या खुल्या नव्हत्या. तू त्यांना पत्र लिहायला बसलास. मला म्हणालास, "उत्तर येईपर्यंत कोणाले सांगू नको."

मी घरी गेलो. जेवलो. कोणाला सांगायचं नाही म्हणून जरा लोळलो. चारच्या सुमारास मी ऑटोवर भोंगा बांधला.

पुढचं तुला माहीत आहे. तीन दिवसांत बॅनर लागलं, चौथ्या दिवशी तू ते कापलंस, आणि त्याच संध्याकाळी, मला वाटलं होतं येणार नाहीस, तर तू मंगल कार्यालयात सर्वांच्या आधी येऊन बसलास. शाल घेतली नाहीस. नारळ घेतला नाहीस. माझ्या हातातून माईक घेतलास.

"मी काही शोधलं नाही," तू म्हणालास. "एक रेघ दिसली. ती आकाशातली आहे की यंत्रातली, मले माहीत नाही. जे माहीत नाही त्याचा सत्कार घेता येत नाही. माफ करा."

आणि वसंता, लोकांनी काय केलं? टाळ्या. असा कडकडाट की कार्यालयाचे पत्रे वाजले. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "पाह्य, एवढा मोठा शोध लावला अन् माणूस किती नम्र." तू माईक धरून उभा, आणि तुझ्या खऱ्या शब्दांना गाव माझ्यापेक्षा मोठं खोटं चढवत होतं. त्या दिवशी मला कळलं की भोंगा एकदा वाजला की त्याचा आवाज परत डब्यात भरता येत नाही. मी बाहेर जाऊन वायरी गुंडाळू लागलो.

पत्र तू पाठवलं नाहीस. महिनाभरानं मी विचारलं तेव्हा म्हणालास, "आता पाठवलं तं वाटंल, सत्कारासाठी सर्टिफिकेट मांगून राह्यला."

"कोणाले वाटंल? त्या परदेशातल्यायले आर्णीतलं बॅनर दिसते काय?"

"मले वाटंल."

पुढं चार वर्षं आपण त्याच गोष्टीवर भांडलो, पण कधी तिचं नाव घेऊन नाही. मी म्हणायचो, जी गोष्ट कोणी कोणाला सांगितलीच नाही ती घडली काय अन् न घडली काय. तू म्हणायचास, जी कळायच्या आधी सांगितली तीही तशीच. मी म्हणायचो, तुझ्या हिशेबानं चाललो तर जगात कोणी तोंडच उघडणार नाही. तू म्हणायचास, "तेवढी शांतता झाली तं मले किती ऐकू येईल, बे." आणि दोघंही चहा प्यायचो. या भांडणात शेवटचं वाक्य कोणाचं झालं, ते मला आठवत नाही. तुझं झालं असेल. माझं असतं तर साऱ्या तालुक्याला माहीत असतं.

माफी मी मागितली नाही. इथं आकडा नाही, त्यामुळे वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. चूक माझी होती. हे एक वाक्य तुझ्यासमोर बोलायला मला चार वर्षं होती, आणि मी त्या चार वर्षांत दीड हजार लग्नं गाजवली.

बरं, शंभर.

मोक्षधामात लोक बोलले, रीतीप्रमाणे. एकानं सांगितलं, नव्या ताऱ्याचा शोध लावणारे सर गेले. दुसरा म्हणाला, परदेशातून बोलावणं आलं होतं पण मातीशी इमान राखलं. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. सवयीनं उजवीकडे पाहिलं, आणि उजवीकडे तू होतास, पण लाकडांवर. वसंता, एवढ्या माणसांत एक बोट वर नव्हतं. मला तेव्हा सांगता आलं असतं की याला जे माहीत नव्हतं ते हा माहीत नाही म्हणत होता, आणि असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी नुसते हात जोडले आणि खाली बसलो. गाव म्हणालं, दुःखानं भोंग्याची वाचा गेली.

तेरवीनंतर दोन दिवसांनी कुंदावहिनींनी बोलावलं. तुझा कॉम्प्युटर चालू होता. तुझं पत्र तिथंच होतं, अर्धवट नाही, पूर्ण. तारीख, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, दिशा, तीन स्फटिकांचे आकडे. खाली एकच प्रश्न: त्या वेळी तुमच्या उपग्रहाला काही दिसलं होतं का? फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"पाठवू," मी म्हणालो.

वहिनींनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, निबंधातली विशेषणं लाल शाईनं खोडण्यात त्यांची हयात गेली. त्या म्हणाल्या, "वरती दोन ओळी घालाव्या लागतील, भाऊजी. कोण पाठवतं आहे म्हणून. सांगा, मी इंग्रजी करते."

मी सुरू केलं. "विदर्भाचे थोर शास्त्रज्ञ, ज्यांच्या निधनानं सारं आकाश..."

"हे लिहिणारे माझे पती वारले," वहिनी टंकत म्हणाल्या. "पुढं?"

"सारी आर्णी तुमच्या उत्तराची वाट पाहून राह्यली."

"आर्णी नाही वाट पाहून राह्यली. आपण दोघं पाहून राह्यलो."

"मंग तसं लिहा."

तसंच गेलं. माझ्याकडून निघालेली, आणि आहे तेवढीच बाहेर पडलेली, ती पहिलीच खबर. बटण मी दाबलं.

त्यानंतर मी रोज दुपारी तुझ्या खोलीत जाऊन बसू लागलो. वहिनी भरीत-भाकर वाढायच्या, मी जेवायचो, आणि मग कूलरची घुर्र ऐकत दोघं त्या पडद्याकडे पाहत राहायचो. मी मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं. हो म्हणून उत्तर आलं, तर पुन्हा ऑटोवर भोंगा बांधायचा आणि या वेळी छाती ठोकून सांगायचं. नाही म्हणून आलं, तरीही भोंगा बांधायचा, आणि सांगायचं की गुल्हाने सर जे म्हणाले तेच खरं होतं, खोटा मी होतो. दोन्ही भाषणं पाठ होती. दोन्हींत तूच जिंकत होतास.

नवव्या दिवशी उत्तर आलं. वहिनींनी चष्मा लावला, एकदा मनात वाचलं, मग माझ्यासाठी मराठीत सांगू लागल्या. कळून वाईट वाटलं. नोंदी तपासल्या. तुमच्या पतीनं आकडेमोड अतिशय काळजीनं केली आहे. पण त्या पाऊण सेकंदात आमचा उपग्रह पलीकडच्या बाजूला होता. त्याच्या आणि त्या दिशेच्या मध्ये पृथ्वी होती. तेव्हा आमच्याकडून काहीच सांगता येणार नाही.

मी कूलर बंद केला. मग विचारलं, "म्हणजे वहिनी, वसंताची रेघ खरी होती की नव्हती?"

वहिनींनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मध्ये पृथ्वी होती, भाऊजी."